बाटलीवरचा आकडा : फळे, पॉलिफेनॉल आणि स्मरणशक्तीच्या एका दाव्याचा इतिहास

गेल्या दिवाळीत माझ्या आतेभावाने आजीसाठी एक बाटली आणली. गडद जांभळ्या रसाची, परदेशी फळांची, आणि किंमत अशी की आईने ती दोनदा वाचली. आजी ८१ वर्षांची आहे. दोन वर्षांपासून ती विसरू लागली आहे. आधी माणसांची नावे, मग वार, हल्ली गॅस बंद करणे. त्यामुळे तिच्यासाठी कोणी काहीही आणले तरी नको म्हणण्याचे बळ घरात कोणातच नाही. बाटलीवर तीन गोष्टी छापलेल्या होत्या : 'मेंदूसाठी उपकारक', 'पॉलिफेनॉलयुक्त', आणि त्याखाली 'ओरॅक' या शब्दापुढे हजारांच्या घरातला एक आकडा.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच सत्रात एक सवय लावतात. समोर साधन आले की विचारायचे : हे कोणी लिहिले, कधी लिहिले, कोणासाठी लिहिले, आणि लिहिणाऱ्याने हे कोठून घेतले? बखर असो वा ताम्रपट, प्रश्न तेच. मी तेच प्रश्न बाटलीला विचारले. उत्तरांच्या मागे जाता जाता मी हंगेरीतल्या एका घरातील रात्रीच्या जेवणापर्यंत पोहोचले, आणि परत येताना वाटेत म्हातारे उंदीर, डच दप्तरे आणि एक न्यायालयीन निकाल लागला. आजचा थ्रेड त्या प्रवासाचा. लांब आहे, सवडीने वाचा.

प्रथम शब्दाची ओळख. वनस्पती स्वतःच्या संरक्षणासाठी, रंगासाठी, किडीला दूर ठेवण्यासाठी जी अनेक रसायने घडवतात, त्यांतल्या एका मोठ्या कुळाला पॉलिफेनॉल म्हणतात. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जांभळी होते ती या कुळातल्या अँथोसायनिनांमुळे; कच्च्या केळ्याने तोंडाला जो तुरटपणा येतो तो याच कुळातल्या टॅनिनांचा. चहा, कांदा, सफरचंद, द्राक्ष, कोको, कोकम या सर्वांत ती कमीअधिक आहेत. त्यांतल्या एका मोठ्या शाखेचे नाव फ्लेव्होनॉइड. पुढच्या गोष्टीत हे नाव वारंवार येईल.

आता हंगेरी. सेगेड हे दक्षिणेकडचे विद्यापीठाचे शहर, पाप्रिकासाठी म्हणजे तिकडच्या लाल मिरचीसाठी प्रसिद्ध. १९३०च्या दशकाच्या आरंभी तेथे आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ काम करीत होते. त्यांनी काही वर्षांपूर्वी केंब्रिजमध्ये एक पदार्थ वेगळा केला होता. तो काय आहे हे न उमगल्याने त्यांनी त्याला आधी 'मला ठाऊक नाही' अशा अर्थाचे आणि मग 'देव जाणे' अशा अर्थाचे नाव सुचवले. नियतकालिकाच्या संपादकांना विनोद रुचला नाही. तोच पदार्थ पुढे व्हिटॅमिन सी ठरला. अडचण ही होती की प्रयोगासाठी तो पुरेसा मिळत नव्हता. सेंट-ज्यॉर्जी स्वतः सांगत, की एके रात्री पत्नीने जेवणात ताजी पाप्रिका वाढली. त्यांना ती खावीशी वाटेना, आणि तसे सांगण्याचा धीरही होईना. मग ही मिरची आपण कधी तपासलीच नाही असे म्हणून ते ती घेऊन प्रयोगशाळेत गेले. मध्यरात्रीपर्यंत लक्षात आले की ती व्हिटॅमिन सीचे भांडार आहे. थोड्याच काळात ग्रॅमांत मिळणारा पदार्थ किलोंच्या हिशेबाने तयार होऊ लागला. (शास्त्रज्ञांच्या आत्मकथनांकडे मी संशयानेच पाहते, पण पाप्रिकेतले व्हिटॅमिन सी खरे आहे आणि १९३७चे नोबेल पारितोषिकही खरे आहे.)

आपल्या गोष्टीचा धागा मात्र या यशापाशी नाही, त्याच्या शेजारी आहे. रक्तस्रावाच्या विकाराच्या रुग्णांवर सेगेडच्या गटाला एक विसंगती दिसली. पाप्रिकेचा वा लिंबाचा अशुद्ध अर्क दिला तर गुण येई. शुद्ध व्हिटॅमिन सी दिले तर येत नसे. म्हणजे अर्कात आणखी काहीतरी असले पाहिजे. १९३६ साली इश्तवान रुस्न्याक आणि सेंट-ज्यॉर्जी यांनी 'नेचर'मध्ये जाहीर केले की ते 'काहीतरी' फ्लेव्होनॉइड वर्गातले आहे आणि ते एक नवे जीवनसत्त्व आहे. केशवाहिन्यांची पारगम्यता ते आटोक्यात ठेवते, म्हणून पारगम्यतेच्या इंग्रजी आद्याक्षरावरून नाव ठेवले : व्हिटॅमिन पी.

फळातल्या रंगद्रव्यांना 'आरोग्यदायी' हे आधुनिक विज्ञानाचे बिरुद मिळाले ते येथे. आणि ते पहिल्यांदा गेलेही येथेच. इतर प्रयोगशाळांना तोच परिणाम मिळेना. अर्कात व्हिटॅमिन सीचा अंश राहून गेला असावा, असा संशय बळावला. जीवनसत्त्वाची कसोटी कठोर असते : ते आहारातून काढून घेतले तर ठरावीक रोग झाला पाहिजे, आणि परत दिले तर तो बरा झाला पाहिजे. फ्लेव्होनॉइडांच्या बाबतीत असा रोग कोणालाच दाखवता आला नाही. १९५० साली अमेरिकी जीवरसायन आणि पोषणशास्त्र संस्थांच्या संयुक्त समितीने शिफारस केली की 'व्हिटॅमिन पी' हे नाव यापुढे वापरू नये.

शास्त्राने नाव मागे घेतले. बाजाराने घेतले नाही. 'बायोफ्लेव्होनॉइड' या नावाच्या गोळ्या त्यानंतरही विकल्या जात राहिल्या, आज औषधांच्या दुकानात पाहिले तर अजूनही सापडतील. ही रीत लक्षात ठेवा, कारण ती पुन्हा दिसणार आहे.

मधला काळ तर या रसायनांना वाईटच गेला. १९७७ साली 'सायन्स'मध्ये एक निबंध आला की कांदा-सफरचंदात विपुल असणारे क्वेर्सेटिन हे फ्लेव्होनॉइड जिवाणूंच्या चाचणीत उत्परिवर्तन घडवते. ज्याला चाळीस वर्षांपूर्वी जीवनसत्त्व म्हटले होते, त्याच्याकडे आता कर्करोगाचा संभाव्य कारक म्हणून पाहिले जाऊ लागले. पुढच्या प्राण्यांवरील अभ्यासांनी ती भीती बरीचशी निवळली. पण एकच रेणू, त्याच शतकात, आधी अमृत, मग विष, मग पुन्हा अमृत. कांदा मात्र या सगळ्या काळात होता तसाच होता.

पुन्हा अमृत होण्याची सुरुवात नेदरलँड्समध्ये झाली. तेथील संशोधकांनी १९९२ साली आपल्या देशात नेहमी खाल्ल्या जाणाऱ्या २८ भाज्या आणि ९ फळांमध्ये कोणते फ्लेव्होनॉइड किती आहे हे मोजून तक्ते प्रसिद्ध केले. काम रुक्ष, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशा तक्त्यांचे मोल कळते. जमाबंदीच्या दप्तराशिवाय आर्थिक इतिहास लिहिता येत नाही, तसेच हे. कारण आता जुन्या आहारनोंदींवर हे तक्ते ठेवून हिशेब करता येऊ लागला. झुटफेन या गावातल्या ६५ ते ८४ वर्षांच्या ८०५ पुरुषांचा आहार १९८५ साली नोंदवला गेला होता. मायकेल हर्टॉग आणि सहकाऱ्यांनी त्यांचा पुढचा पाच वर्षांचा माग काढला आणि १९९३ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिले : सर्वाधिक फ्लेव्होनॉइड घेणाऱ्या गटात हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत कमी घेणाऱ्या गटाच्या निम्म्याहूनही कमी होते. हे फ्लेव्होनॉइड येत कोठून होते? निम्म्याहून अधिक चहातून, मग कांदा, मग सफरचंद. झुटफेनच्या आजोबांनी निळी-जांभळी परदेशी फळे चाखण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय हा अभ्यास हृदयाचा होता, मेंदूचा नव्हे.

मेंदूकडे वळण्यापूर्वी दोन गोष्टींसाठी अमेरिकेत जायला हवे : एक फळ आणि एक कल्पना.

फळ म्हणजे ब्लूबेरी. उत्तर अमेरिकेतले मूळनिवासी समाज ती शतकानुशतके रानातून गोळा करून ताजी आणि वाळवून खात आले होते, पण शेतात लावलेली ब्लूबेरी १९०० साली जवळजवळ कोठेही नव्हती. लोक रोप उपटून चांगल्या, खत घातलेल्या जमिनीत लावत आणि ते मरे. अमेरिकी कृषी खात्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१०च्या आपल्या पुस्तिकेत कारण दाखवले : या झुडपाला आम्लधर्मी माती लागते, ज्याला आपण सकस म्हणतो ती जमीन त्याला मारक. न्यू जर्सीत क्रॅनबेरीची शेती असलेल्या एका घरातल्या एलिझाबेथ व्हाइट यांनी ती पुस्तिका वाचली आणि १९११ साली सहकार्य देऊ केले. मग त्यांनी जे केले ते मला या सगळ्या गोष्टीतले सर्वांत हुशारीचे काम वाटते. त्यांनी आसपासच्या पाइनच्या रानात हिंडणाऱ्या गावकऱ्यांना छिद्र पाडलेली मोजपट्टी दिली. ज्या झुडपाची फळे त्या छिद्रातून पडणार नाहीत, म्हणजे इंचाच्या पाच-अष्टमांशाहून मोठी असतील, ते झुडूप दाखवा आणि पैसे घ्या. झुडपाला शोधणाऱ्याचेच नाव मिळे. रूब लीक यांनी दाखवलेल्या झुडपाचा 'रूबेल' वाण आजही लावला जातो. १९१६ साली व्हाइट यांच्या शेतातली पहिली ब्लूबेरी बाजारात गेली. तेव्हा तिची महती चवीची होती, आकाराची होती. मेंदूचा उल्लेख कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

कल्पना म्हणजे अँटिऑक्सिडंट. १९५६ साली डेनहम हार्मन यांनी मांडले की शरीरात ऑक्सिजनच्या वापरातून निर्माण होणारे अस्थिर रेणू, म्हणजे मुक्तमूलके, पेशींची नासधूस करतात आणि वार्धक्य हे त्या झिजेचेच फळ आहे. मग जे रेणू या मुक्तमूलकांना निष्प्रभ करतात ते वार्धक्य थोपवतील, हा निष्कर्ष ओघानेच आला. पॉलिफेनॉल हे काम परीक्षानळीत उत्तम करतात. किती उत्तम, हे मोजण्याची एक पद्धत १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या शासकीय प्रयोगशाळांत विकसित झाली. तिचे संक्षिप्त नाव 'ओरॅक'. बाटलीवरचा शब्द आठवतो ना? तो हाच. फळाचा अर्क नळीत घालायचा, मुक्तमूलके सोडायची, आणि अर्क त्यांना किती वेळ थोपवतो ते पाहायचे. या परीक्षेत ब्लूबेरी पहिल्या रांगेत उत्तीर्ण झाली.

आता बोस्टन. टफ्ट्स विद्यापीठातल्या कृषी खात्याच्या वार्धक्य-पोषण संशोधन केंद्रात जेम्स जोसेफ, बार्बरा शुकिट-हेल आणि सहकाऱ्यांनी म्हातारपणाकडे झुकलेल्या, एकोणीस महिन्यांच्या उंदरांचे गट केले. आठ आठवडे त्यांच्या नेहमीच्या खाद्यात स्ट्रॉबेरी, पालक किंवा ब्लूबेरीचा अर्क थोड्या प्रमाणात मिसळला. एका गटाला काहीच मिसळले नाही. मग त्यांना फिरत्या दांड्यावर तोल सांभाळायला लावले, आणि गढूळ पाण्याच्या हौदात लपवलेला चौथरा शोधायला लावले. हौदाची ही चाचणी स्मरणाची असते : आदल्या वेळी चौथरा कोठे होता हे आठवले तर उंदीर लवकर पोहोचतो. तिन्ही अर्कांच्या उंदरांची कामगिरी सुधारली, आणि तोल सांभाळण्यात ब्लूबेरीचे उंदीर ठळकपणे पुढे गेले. सप्टेंबर १९९९मध्ये हे 'जर्नल ऑफ न्यूरोसायन्स'मध्ये प्रसिद्ध झाले. ऱ्हास रोखला एवढेच नव्हे, आधीच झालेला ऱ्हास काही प्रमाणात उलटवला, असा त्याचा आशय होता. 'उलटवला' या क्रियापदात काय ताकद आहे हे घरात विस्मरणाचा रुग्ण असलेल्यालाच कळेल.

प्रयोग खोटा नव्हता, हे स्पष्ट म्हणायला हवे. पुढे २००५ साली ब्लूबेरी खाल्लेल्या वृद्ध उंदरांच्या मेंदूत प्रत्यक्ष अँथोसायनिन सापडले, म्हणजे ही रसायने मेंदूपर्यंत पोहोचू शकतात हेही दिसले. गफलत प्रयोगशाळेत झाली नाही. उंदरापासून बाटलीपर्यंतच्या वाटेत झाली. नळीतला आकडा आणि उंदराचा हौद या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पण एकाच फळाला दोन्हीकडे यश मिळाले, तेव्हा पहिल्यामुळेच दुसरे घडले असे गृहीत धरले गेले. जितका ओरॅक आकडा मोठा, तितका मेंदूला लाभ, हे समीकरण कोणी सिद्ध केले नाही. ते छापले मात्र सर्वांनी.

२००७ साली अमेरिकी कृषी खात्याने शेकडो खाद्यपदार्थांचे ओरॅक आकडे एका सूचीत प्रसिद्ध केले. सरकारी शिक्का असलेला आकडा म्हणजे विक्रेत्याला सनदच. रस, चूर्णे, गोळ्या यांच्यावर आकडे झळकू लागले, आणि त्यांची आपसात स्पर्धा लागली. पाच वर्षांनी, २०१२ साली, त्याच खात्याने ती सूची संकेतस्थळावरून काढून टाकली. कारणही दिले : अन्न आणि पूरक आहाराच्या कंपन्या हे आकडे उत्पादने खपवण्यासाठी गैरवापरत आहेत, नळीतल्या या मोजमापाचा मानवी शरीरातील परिणामाशी संबंध असल्याचा पुरावा नाही. माझ्या आजीच्या टेबलावरची बाटली याच्या कितीतरी वर्षांनंतर भरलेली आहे. एखाद्या राज्याने नाणे रद्द करावे आणि ते दूरच्या बाजारपेठेत पिढ्यान्पिढ्या चालत राहावे, असा हा प्रकार. व्हिटॅमिन पीच्या वेळचीच रीत.

कल्पनेलाही तोवर धक्के बसले होते. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. अँटिऑक्सिडंट म्हणून गौरवले गेलेले बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला. हे १९९४ साली प्रसिद्ध झाले. बीटा-कॅरोटीन पॉलिफेनॉल नव्हे, हे खरे; पण 'अँटिऑक्सिडंट म्हणजे चांगलेच' हे सूत्र त्या दिवशीच मोडले होते. आणि २०१२च्या जानेवारीत कनेक्टिकट विद्यापीठाने आपल्याच एका प्राध्यापकाच्या शोधनिबंधांत बनावट वा फेरफार केलेल्या माहितीची १४५ उदाहरणे सापडल्याचे जाहीर केले. विषय होता द्राक्षांतले रेस्व्हेराट्रॉल, तेही पॉलिफेनॉलच.

एक खटलाही सांगायला हवा. डाळिंबाचा रस विकणाऱ्या पॉम वंडरफुल या कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०१० साली तक्रार केली. रस पिऊन हृदयरोग, प्रोस्टेटचा कर्करोग यांवर उपचार होतो वा ते टळतात, असे जाहिराती सुचवतात आणि तेवढा पुरावा नाही, हा आरोप. २०१३ साली आयोगाने कंपनीविरुद्ध निर्णय दिला आणि २०१५ साली अपील न्यायालयाने तो बहुतांशी कायम ठेवला. रोगासंबंधी दावा करायचा तर किमान एक नीट आखलेली मानवी चाचणी हाती हवी, असा त्यातला मुद्दा. स्मरणशक्ती त्या खटल्यात नव्हती. पण 'पुरावा किती असला की बोलता येते' हा प्रश्न येथे पहिल्यांदा न्यायालयात इतक्या तपशिलाने तपासला गेल्याचे मला दिसले, म्हणून त्याचा उल्लेख.

मग माणसांवरचा पुरावा आहे तरी किती? येथे थोडे थांबू, कारण आजीचा प्रश्न येथेच आहे.

फ्रान्सच्या बोर्दो परिसरात ६५ वर्षांवरील १,६४० स्मृतिभ्रंशमुक्त माणसांचा १९९०पासून दहा वर्षे माग ठेवला गेला. सर्वांत कमी फ्लेव्होनॉइड घेणाऱ्यांचे बौद्धिक चाचणीतले गुण सरासरी २.१ने घसरले, सर्वाधिक घेणाऱ्यांचे १.२ने. ही चाचणी एकूण ३० गुणांची असते. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या प्रदीर्घ अभ्यासातून ७० वर्षांवरील १६,०१० स्त्रियांची माहिती २०१२ साली प्रसिद्ध झाली : ब्लूबेरी आणि स्ट्रॉबेरी अधिक खाणाऱ्यांत बौद्धिक वार्धक्य अडीच वर्षांपर्यंत लांबल्यासारखे दिसले. आश्वासक आकडे आहेत. पण हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. अमेरिकेत नियमित बेरी खाणारी स्त्री बहुधा अधिक शिकलेली, अधिक चालणारी, अधिक सुस्थितीतली असते. संशोधक या गोष्टींचा हिशेब वजा करतात, तरी सगळा वजा होतोच असे नाही. आणि साधनचिकित्सेची सवय म्हणून हेही नोंदवते, की या दुसऱ्या अभ्यासाला शासकीय निधीबरोबर कॅलिफोर्नियाच्या स्ट्रॉबेरी मंडळाचाही निधी होता. त्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही. दरबारी कवीने लिहिलेली लढाईही झालेली असतेच. फक्त ती वाचताना दरबार लक्षात ठेवायचा.

प्रत्यक्ष प्रयोग बराच काळ लहान होते. सिनसिनाटीत २०१० साली विस्मरणाची सुरुवात झालेल्या वृद्धांना बारा आठवडे ब्लूबेरीचा रस दिला आणि शब्द आठवण्यात सुधारणा दिसली. रस घेणारी माणसे नऊ होती. नऊ. इंटरनेटवरच्या कित्येक 'सिद्ध झाले आहे'च्या तळाशी ही नऊ माणसे बसलेली आहेत.

मोठ्या चाचण्या अलीकडे आल्या. शिकागोच्या मार्था क्लेअर मॉरिस यांनी २०१५ साली मेंदूसाठी 'माइंड' नावाचा आहार मांडला. त्यात फळांपैकी फक्त बेरींना वेगळे स्थान होते. ६०४ माणसांवर तीन वर्षे त्याची चाचणी झाली. २०२३ साली निकाल आला : माइंड आहार घेणारे आणि तुलनेचा गट, दोघांचीही कामगिरी थोडी सुधारली, त्यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही. मॉरिस तोवर हयात नव्हत्या. कोकोच्या फ्लेव्हानॉलांवरचा मोठा अमेरिकी प्रकल्प याच सुमारास पूर्ण झाला. त्याच्या एका शाखेत दोन हजारांहून अधिक वृद्धांना कोको अर्काचा बौद्धिक लाभ दिसला नाही. दुसऱ्या शाखेत ३,५६२ माणसे होती. एकूण गटात ठळक परिणाम नाही, पण ज्यांचा आहार मुळातच निकृष्ट होता आणि ज्यांच्या पोटात फ्लेव्हानॉल फार कमी जात होते, त्यांची स्मरणचाचणी सुधारली. या प्रकल्पामागे चॉकलेट बनवणाऱ्या मार्स कंपनीचा अंशतः निधी होता, हे याही ठिकाणी लिहून ठेवते.

मला हा शेवटचा निष्कर्ष सर्वांत विश्वसनीय वाटतो, कारण तो सर्वांत कमी चमकदार आहे. उणीव असलेल्याला भरपाईने गुण येतो. ज्याच्या ताटात आधीच पुरेसे आहे, त्याला वरून ओतलेले फारसे लागत नाही. सेंट-ज्यॉर्जींच्या जुन्या 'जीवनसत्त्व' कल्पनेची ही अंधुक सावली आहे, असेही म्हणता येईल. शास्त्रज्ञांचे स्पष्टीकरणही आता बदलले आहे. खाल्लेल्या पॉलिफेनॉलांपैकी फार थोडी जशीच्या तशी रक्तात उतरतात. बरीचशी आतड्यातल्या जिवाणूंकडून मोडली जातात आणि त्यांचे तुकडे रक्तात फिरतात. मुक्तमूलकांशी समोरासमोर लढण्यापेक्षा, रक्तवाहिन्या सैलावणे, मेंदूकडचा रक्तप्रवाह सुधारणे, दाह कमी होणे अशा आडवाटांनी ती काम करीत असावीत, असा आजचा विचार आहे. गंमत अशी की १९३६ साली सेगेडमध्येही प्रश्न रक्तवाहिन्यांचाच होता.

आता एक प्रतिक्रिया येणार हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच बोलते : 'हे सर्व आपल्या पूर्वजांना माहीत होते.' चरकसंहितेत मेध्य रसायने म्हणून ज्या चार औषधींचा विशेष निर्देश आहे, त्या मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची आणि शंखपुष्पी. चारांत एकही फळ नाही. आवळ्याच्या च्यवनप्राशाच्या फलश्रुतीत मेधा आणि स्मृती यांचा उल्लेख जरूर आहे. पण त्याच फलश्रुतीत दीर्घायुष्य, कांती, इंद्रियबल असे बरेच काही आहे. फलश्रुती हा एक वाङ्मयप्रकार आहे आणि तो तसाच वाचायला हवा. त्यातला एक शब्द उचलून त्याला 'पॉलिफेनॉल' हे लेबल लावणे म्हणजे आजीच्या बाटलीवर जे झाले तेच संहितेवर करणे. आवळ्यात टॅनिने भरपूर आहेत, जांभळाचा आणि कोकमाचा रंग अँथोसायनिनांचाच आहे, बहाडोलीच्या जांभळाला २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. रासायनिक नाते आहे. त्यावरून एवढेच म्हणता येते की परदेशी बाटलीत जे कूळ आहे ते आपल्या मंडईतही आहे, आणि बरेच स्वस्त आहे. स्मरणशक्तीचा दावा त्या कुळालाच पुरता सिद्ध करता आलेला नाही, तेव्हा तो जांभळाच्या टोपलीवरही चिकटवायचा नाही.

जून महिन्यात, टोपली घरात असताना, हे सगळे मी आईला सांगितले. ती म्हणाली, "मग काय करायचे ते सांग." हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने उत्तर देण्याचा नव्हे, डॉक्टरांचा आहे, आणि आम्ही तो त्यांना विचारला. पण वाचताना एक कागद हाती आला होता तो सांगते. 'लॅन्सेट'च्या स्मृतिभ्रंश आयोगाने २०२४ साली बदलता येण्याजोगे चौदा धोके दिले. त्यांत कमी शिक्षण, ऐकू न येणे, दिसू न येणे, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, नैराश्य, एकटेपण, हवेचे प्रदूषण अशा गोष्टी आहेत. हे सगळे हटवता आले तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील वा लांबतील, असा त्यांचा अंदाज. त्या चौदांत आहार हा स्वतंत्र घटक म्हणून नाही, फळ तर नाहीच.

डॉक्टरांनी आजीचे रक्त तपासले, रक्तदाबाची गोळी बदलली आणि कानाची तपासणी सांगितली. डाव्या कानाने तिला जवळजवळ ऐकूच येत नव्हते, आणि आम्ही जे विसरणे समजत होतो त्यातले काही मुळात ऐकलेच गेले नव्हते. सगळे नाही, काही. यंत्राची किंमत ऐकून आतेभाऊ म्हणाला, बाटल्यांचे पैसे यात घातले असते तर बरे झाले असते. तीन बाटल्या झाल्या होत्या तोवर. चौथी आणली नाही. आजीला रसाची चव मात्र आवडली होती. ती अधूनमधून विचारते, ते जांभळे औषध संपले का.